दसऱ्याला बसवलेलं कार्ड

मार्तंड : टेबलावर नको ठेवूस, आमची रत्ना ओरडेल. इथे खाली, चटईवर. हळू. आणि आधी मला सांग, श्यामला माहीत आहे का, तू हा डबा घेऊन माझ्याकडे आलीयस?

ऋतिका : आबांना? नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला रिक्षात बसूच दिलं नसतं. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीय ना काका, उद्या आम्ही घर रिकामं करतोय. आबा म्हणाले, चार वाजता भंगारवाला येईल, माळ्यावरचं सगळं त्याला दे. मी विचारलं, हा कॉम्प्युटर पण? तर म्हणाले, तो पहिला दे. त्यात मार्तंड्याचं बोगस कार्ड आहे.

मार्तंड : मार्तंड्या म्हणाला?

ऋतिका : सॉरी काका. तसंच म्हणाले.

मार्तंड : सॉरी कशाला. अठ्ठावीस वर्षांनी नाव घेतलं हेच खूप. मला वाटलं होतं, नातीला मी कोण ते ठाऊकच नसेल.

ऋतिका : ठाऊक नसेल कसं? आमच्याकडे मिक्सर बंद पडला तरी आबा म्हणतात, मार्तंडने हात लावला होता काय ह्याला.

मार्तंड : बघ. असा माणूस. रुळांपलीकडे गव्हाणपाड्यात बसून इकडच्या पाच रस्त्यावरच्या माणसाची बदनामी करतो. तो स्क्रू ड्रायव्हर दे. तो नाही, लाल मुठीचा.

ऋतिका : पण झालं काय होतं? आबा फक्त बोगस कार्ड एवढंच म्हणतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात.

मार्तंड : आम्ही दोघं एकाच कंपनीत. तो ड्राफ्ट्समन, मी मशीन दुरुस्तीला. भजनात तो बुवा, मी पखवाजावर. सत्त्याण्णव साली डोक्यात आलं, आपली स्वतःची ड्रॉइंग सर्व्हिस काढू. तो नकाशे काढेल, मी मशीन सांभाळेन. गाळाही बघून ठेवला होता. मशीन श्यामचं होतं, हेच. पण नकाशा उघडायचा म्हटलं की एकेक रेघ रांगेत उभी असल्यासारखी यायची. नवीन मशीन घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. मग मी मशीनचा वेग वाढवणारं हे कार्ड शोधून आणलं. दसऱ्याला बसवलं. दुसऱ्या दिवशी एक आर्किटेक्ट बघायला येणार होते.

ऋतिका : आणि चाललं नाही.

मार्तंड : सुरूच झालं नाही. स्क्रीन काळीच. श्याम चार माणसांसमोर म्हणाला, मार्तंडच्या हाताला गुण नाही. बाई, मी दुरुस्तीवर पोट भरणारा माणूस. डॉक्टरला म्हणावं तसं झालं ते. मीही बोललो, तुझ्या मशीनमध्येच खोट आहे, तूच कुठेतरी पिन वाकवली असशील. त्याने मशीन उचललं आणि जिना उतरला. झाकण उघडलंच नाही कोणी परत.

ऋतिका : म्हणजे अजून आत तसंच आहे? एकदम जसंच्या तसं?

मार्तंड : असलं पाहिजे. म्हणून तर मी तुला दारातून परत पाठवलं नाही. आज हे चाललं तर मी खरा. नाही चाललं तर श्याम खरा, आणि त्याने खुशाल भंगारात घालावं.

ऋतिका : मग चाललंच पाहिजे यार. उघडा उघडा.

मार्तंड : हे बघ. काय धूळ आहे. हा खालचा हिरवा पाट, तो मदरबोर्ड. आणि ह्या चौकोनी सॉकेटवर छोटा मजला चढवल्यासारखं दिसतंय ना, वर पंखा बसवलेला? ते कार्ड. मूळ प्रोसेसर ह्याच सॉकेटमध्ये होता. तो काढायचा आणि त्याच्या जागी हे बसवायचं. खालच्या पिना त्याच, तेवढ्याच, त्याच जागी. वर नवा प्रोसेसर.

ऋतिका : म्हणजे बोर्डाला कळतच नाही की माणूस बदललाय?

मार्तंड : कळू द्यायचं नाही, तीच तर कला आहे. पण अडचणी दोन. पहिली म्हणजे वीज. बोर्ड देतो पाच व्होल्ट, नव्या प्रोसेसरला लागतात साडेतीनच्या आतबाहेर. पाच दिले तर जळून जाईल. म्हणून कार्डावर हा काळा तुकडा आहे, तो वरच्या वर वीज उतरवून देतो.

ऋतिका : ओके. आणि दुसरी?

मार्तंड : वेग. बोर्ड चालतो तेहतीस मेगाहर्ट्झच्या ठेक्यावर, आणि त्याला घाई करता येत नाही. भजनात बुवा आपल्या लयीत गात असतो ना? पखवाजवाला त्याच लयीच्या पोटात चौपट बोल भरतो. बुवाला कळतही नाही, आणि समेवर दोघं बरोबर एकत्र. तसं हे कार्ड. बाहेर तेहतीस, आत चौपट. एकशे तेहतीसच्या आसपास.

ऋतिका : बुवा म्हणजे आबांचा मदरबोर्ड आणि पखवाज म्हणजे तुमचं कार्ड. सोयीस्कर आहे हे उदाहरण.

मार्तंड : मग? तो सोडून गेला तेव्हा मी त्याच्या बोर्डाला नावं ठेवली, ती काय उगाच?

ऋतिका : पण काका, मेमरी जुनीच, डिस्क जुनीच. सामान हळूच येणार. मग आत चौपट धावून उपयोग काय?

मार्तंड : शाबास. कुठे कामाला आहेस तू?

ऋतिका : ऐरोलीला, सॉफ्टवेअर कंपनीत. पण मी आयुष्यात प्रोसेसर हातात धरलेला नाही.

मार्तंड : तरी प्रश्न बरोबर विचारलास. त्यासाठी प्रोसेसरच्या आतच थोडी जागा असते, सारखं लागणारं तिथेच ठेवायला.

रत्नप्रभा : मिसळणाच्या डब्यासारखी. फोडणीला बसल्यावर मोहरीसाठी वाण्याकडे कोण धावतो? मी तेव्हाही ऐकलं होतं हे सगळं. तू कोण गो? आणि माझ्या चटईवर हा काय उकिरडा?

ऋतिका : काकू, मी ऋतिका. श्यामकांत परबांची नात.

रत्नप्रभा : श्यामभावजींची? आणि हे मला हाक मारत नाहीत? बस गो, खाली का बसलीस, वर बस. डोळे अगदी आजीचे आहेत हिचे. अहो, पाणी तरी दिलंत काय पोरीला?

मार्तंड : देतो, देतो. थांब जरा, पॉवर सप्लाय बाहेरचा लावू दे. जुना लावला तर फटाका वाजेल. मॉनिटर आणि कीबोर्ड माझ्या कपाटात आहेत. बावीस वर्षं ही म्हणतेय फेका, फेका.

रत्नप्रभा : आजही म्हणते.

मार्तंड : ऋतिका, ते बटण दाब. तूच दाब.

ऋतिका : दाबलं. पंखा फिरतोय. स्क्रीन... काका, स्क्रीन काळीच आहे.

मार्तंड : थोडं थांब.

ऋतिका : थांबले. काहीच नाही.

मार्तंड : हं. बंद कर. घाबरू नकोस, अजून बोर्ड मेलाय की कार्ड, ते कळलेलं नाही. रत्ना, माझ्या कपाटातली ती सुपारीची डबी दे. चांदीची नव्हे, पत्र्याची.

रत्नप्रभा : ही घ्या. काय आहे तरी काय हिच्यात? हलवली तर वाजते.

मार्तंड : मशीनचा मूळ प्रोसेसर. दसऱ्याला काढला तो माझ्याकडेच राहिला. श्यामची वस्तू, परत द्यायची होती. द्यायला जायचं म्हणजे भेटावं लागणार, म्हणून राहिली.

ऋतिका : अठ्ठावीस वर्षं सुपारीच्या डबीत?

मार्तंड : कापसात ठेवलाय नीट. आता हा दांडा उचलायचा, कार्ड सरळ वर घ्यायचं. आलं. रत्ना, हे हातात धर, टेकवू नकोस कुठे. आता जुना बसवतो. कोपरा कोपऱ्याला. दांडा खाली. दाब परत.

ऋतिका : आला, आला. काका, अक्षरं आली. मेमरी मोजतोय. हे बघा, डिस्कचा आवाज. काय खरखर आहे.

मार्तंड : एवढ्या वर्षांनी बोलायचं तर तुझाही घसा खरखरेल. डिस्कचा नंबर भरून देऊ आधी, बोर्डावरच्या घड्याळाची बॅटरी संपलीय, तो सगळं विसरलाय. हां. आता इथे नकाशाची नावं दिसतायत ना? कुठलाही उघड.

ऋतिका : ह्यात एकाचं नाव घर आहे. तो उघडते. एक रेघ आली. दुसरी. काका, हे असं एकेक येतं?

मार्तंड : हा जुना प्रोसेसर दशांशाचं गणित स्वतः करू शकत नाही, बोटं मोजत बसतो. तू चहा घे तोवर.

रत्नप्रभा : तेव्हाही असंच. हे नकाशा उघडायचे आणि मला सांगायचे, चहा टाक. चहा गाळून होईस्तोवर जिन्यापर्यंत पोचायचा.

ऋतिका : काका, स्क्रीनकडे पाठ का केलीत? चालू झालं ना.

मार्तंड : चालू झालं, म्हणूनच. बोर्ड धडधाकट आहे. डिस्क बरी आहे. जुना प्रोसेसर चालतो. मग वाईट काय उरलं? कार्ड. श्याम खरा होता, बाळा. मी बोगस कार्ड आणलं, आणि वर त्याच्या मशीनला नावं ठेवली.

ऋतिका : काका, असं नाही. एवढ्या वर्षांत पडून पडून खराब झालं असेल.

मार्तंड : तेव्हाही चाललं नव्हतं, आत्ताही नाही. मनाची समजूत मला घालता येते गं, पण मी मेकॅनिक आहे. जा, सांग त्याला. म्हणावं, मार्तंड म्हणतो तू खरा होतास.

रत्नप्रभा : तुमचं ते नंतर सांगा. आधी सांगा, ह्याच्या पोटाला काय चिकटलंय?

मार्तंड : कोणाच्या?

रत्नप्रभा : ह्या तुमच्या कार्डाच्या. कधीची धरून उभी आहे मी. ह्या कोपऱ्यात, पिनांच्या मध्ये. धूळ म्हणून पुसायला गेले तर निघेना.

मार्तंड : दे इकडे. चष्मा कुठे आहे? ऋतिका, मोबाईलची बॅटरी लाव. अजून जवळ.

ऋतिका : लालसर आहे काहीतरी. काका, हा तांदूळ आहे.

मार्तंड : तांदूळ?

ऋतिका : तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला.

रत्नप्रभा : देवा महाराजा. अक्षता.

मार्तंड : कार्डाखाली अक्षता कुठून येणार?

रत्नप्रभा : कुठून येणार? दसऱ्याला शस्त्रपूजा केलीत ना दोघांनी? पाटावर गो, तुझ्या काकांची पक्कड, आबांच्या नकाशाच्या पट्ट्या, आणि मध्ये हा डबा, झाकण काढून. मी म्हटलं, झाकण लावा आणि मग पूजा करा. तर हे काय म्हणाले विचार.

ऋतिका : काय म्हणालात, काका?

मार्तंड : माका काय आठवतंय आता.

रत्नप्रभा : माका आठवता ना. म्हणाले, पत्र्याच्या डब्याला कसलं हळदकुंकू लावतेस, आत जो काम करणार त्यालाच लागू दे. आणि मूठभर अक्षता टाकल्या आत. दोघांनीही. मग वर मी सांगितलं, पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं, उद्या पूजा उतरवा आणि मग हात लावा. कोण ऐकतंय? आर्किटेक्ट यायचा होता ना उद्या. अक्षता फुंकून काढल्या आणि बसले कार्ड ठोकायला.

मार्तंड : फुंकून काढल्या होत्या सगळ्या.

रत्नप्रभा : एक सोडून.

ऋतिका : थांबा, म्हणजे दाणा सॉकेटवर राहिला, त्याच्यावर कार्ड बसलं, आणि...

मार्तंड : आणि हा कोपरा उचललेला राहिला. केसभर. चार-पाच पिना आत पोचल्याच नाहीत. पोचल्या नाहीत तर प्रोसेसर उठणार कसा? आणि मी एकदाही काढून बघितलं नाही. मी बसवलेलं वाकडं असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. कार्ड चांगलं, बोर्ड चांगला, श्यामही बरा. सगळ्यात वाकडा मीच निघालो की.

रत्नप्रभा : आता रडायचं नंतर. तो दाणा काढा आधी.

मार्तंड : दात कोरायची काडी दे. हळूहळू. आला. हा ह्या वाटीत ठेव, फेकू नकोस. पिना सगळ्या सरळ आहेत, बघ, एकही वाकलेली नाही. ब्रश फिरवतो. मशीन बंद केलं, जुना काढला. कार्ड ठेवलं. ऋतिका, चारही बाजूंनी बघ, कुठे फट दिसते?

ऋतिका : नाही. एकदम सपाट.

मार्तंड : दांडा खाली. तू दाब.

ऋतिका : रत्नाकाकू, तुम्ही पण या. बोट ठेवा माझ्या बोटावर. एक, दोन...

(पंखा फिरतो. एक बारीक टीक असा आवाज येतो.)

रत्नप्रभा : बघा, उजेड आला.

ऋतिका : मेमरी मोजली पण. काका, केवढं पटकन मोजलं. पण नाव जुनंच दाखवतोय. प्रोसेसरचं.

मार्तंड : दाखवू दे. बोर्डाच्या जन्मानंतरचा प्रोसेसर हा, त्याला नवीन नाव ठाऊकच नाही. नावाकडे बघू नकोस, काम बघ. डिस्कचा नंबर परत भर आणि तो घर नकाशा उघड.

ऋतिका : उघडते. रत्नाकाकू, चहा टाका.

रत्नप्रभा : टाकते... अगो बाई, झाला?

ऋतिका : झाला. पूर्ण झाला. काकू, तुम्ही वळलाही नाहीत अजून.

मार्तंड : गणिताचा भाग ह्याच्या आतच आहे. बोटं मोजायची गरज नाही. काय धावतोय बघ. झकास. अरे काय धावतोय. परत एकदा कर. परत. मी अठ्ठावीस वर्षं मनात हेच बघत होतो, आणि मनातल्यापेक्षा हे जोरात आहे.

ऋतिका : काका, हा नकाशा... ही आमची बिल्डिंग आहे. दुसरा मजला. हा जिना, ही गॅलरी, आणि ही इथे माझी खोली. माझ्या जन्माच्या आधी काढलेली माझी खोली. उद्या आम्ही हीच रिकामी करतोय.

मार्तंड : त्याने सरावाला म्हणून स्वतःचं घर काढलं होतं. मला म्हणाला होता, आपल्या सर्व्हिसचं पहिलं काम हेच दाखवू त्या आर्किटेक्टला. ह्या कोपऱ्यात खाली काय लिहिलंय, वाच.

ऋतिका : रेखाटन, श्यामकांत परब. यंत्र, मार्तंड सामंत.

रत्नप्रभा : अहो, डोळे पुसा. पोरगी बघते.

मार्तंड : बघू दे. आनंदाचं आहे ते.

ऋतिका : मी आबांना फोन लावते. काका, एक सांगू? दाण्याचं मी बोलत नाही. फक्त म्हणते, कार्ड चांगलं होतं, आत्ता माझ्यासमोर चाललं. एवढंच. तुम्ही खरे.

मार्तंड : नाही. दाण्याचं आधी सांग. कार्डाचं मग.

ऋतिका : नक्की? ते आयुष्यभर चिडवतील.

मार्तंड : चिडवायला आयुष्य असू दे. लाव.

ऋतिका : हॅलो, आबा? हो, मी. नाही, भंगारवाल्याला नाही दिला. मी पाच रस्त्यावर आहे. मार्तंडकाकांकडे. आबा, ठेवू नका. ठेवू नका ना, ऐका. कार्डाखाली तांदळाचा दाणा होता. दसऱ्याच्या अक्षतांतला. त्यामुळे कार्ड पूर्ण बसलं नव्हतं. काका म्हणतात, चूक त्यांच्या हाताची. हो, त्यांनीच सांगायला सांगितलं. आणि आबा, दाणा काढल्यावर ते सुरू झालं. आपलं घर स्क्रीनवर आहे.

मार्तंड : काय म्हणतो?

ऋतिका : नीट ऐकू येत नाही. आबा? आहात ना?

रत्नप्रभा : फोन कट केला असेल. पहिल्यापासूनच हट्टी.

ऋतिका : नाही काकू. हसतायत. खोकला येईपर्यंत हसतायत. आबा, पाणी प्या आधी.

मार्तंड : हस म्हणावं. हसण्यासारखंच केलंय मी.

ऋतिका : थांबा, काहीतरी सांगतायत. हं. काका, ते म्हणतात, अक्षता दोघांनी टाकल्या होत्या. आणि मूठ त्यांची मोठी होती.

मार्तंड : असं म्हणाला?

ऋतिका : हो. आणि विचारतायत, दाणा टाकला का कुठे?

मार्तंड : नाही. वाटीत आहे. सांग त्याला.

ऋतिका : वाटीत आहे, आबा. हं. हं. बरं, सांगते. ते म्हणतात, दसऱ्याची पूजा उतरवायची राहूनच गेली तेव्हा. भांडणात. ती तशी ठेवता येत नाही. नारळ घेऊन निघतायत. रेल्वेपुलाचे जिने चढवत नाहीत, म्हणून वळसा घालून रिक्षाने. आणि मशीन बंद करू नका म्हणतात.

मार्तंड : मी कशाला बंद करतोय. रत्ना, माझा तो निळा शर्ट कुठे आहे? आणि पखवाज वरून काढायला हवा.

ऋतिका : काकू, आबा जेवायला थांबतील का, विचारून घेऊ?

रत्नप्रभा : विचारू नको. मी एक वाटी तांदूळ जास्त टाकते.